हेडसेटचा माइक लॅपटॉपला सापडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाखत सुरू होते आणि समोरून पहिलंच वाक्य येतं, "तुमचा आवाज येत नाहीये." अशा वेळी दिसेल ते बटण दाबलं जातं, ड्रायव्हर (उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) काढला जातो, परत घातला जातो, आणि मूळ बिघाड जिथे होता तिथेच राहतो. तुमचा आवाज चार टप्पे पार करून पलीकडे पोचतो: हेडसेट, पिन आणि जॅकची जोडणी, ऑपरेटिंग सिस्टम, आणि शेवटी ॲप. कुठल्या टप्प्यावर तो अडला आहे हे आधी शोधायचं आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा. खालची उत्तरं साधारण त्याच क्रमाने आहेत.

हेडसेटमध्ये गाणी छान ऐकू येतात. मग माइकच का सापडत नाही?

ऐकण्याची आणि बोलण्याची तार वेगळी असते म्हणून. डाव्या कानाची एक, उजव्या कानाची एक, माइकची एक आणि सगळ्यांची मिळून एक ग्राउंडची (विजेच्या परतीची), अशा तारा त्या केबलमधून जातात. माइकची तार तुटली तरी गाणी पहिल्यासारखीच वाजत राहतात. लॅपटॉपच्या हिशेबातही ही दोन स्वतंत्र उपकरणं आहेत, एक आउटपुट आणि एक इनपुट. एक ओळखलं म्हणून दुसरंही ओळखलं असं होत नाही. "आवाज येतोय, म्हणजे हेडसेट नीट लागलाय" हा समज मनातून काढून टाका, कारण बहुतेकांचा वेळ त्याच्यामुळेच चुकीच्या जागी जातो.

दोन मिनिटांत मीटिंग आहे. आत्ता काय करू?

दुरुस्ती नंतर करा. ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडसेट राहू द्या आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. ऐकणं हेडसेटमधून होत असल्यामुळे प्रतिध्वनीचा त्रास होणार नाही. लॅपटॉपचा माइकही चालत नसेल तर त्याच मीटिंगला फोनवरून जोडून घ्या आणि लॅपटॉपवर फक्त चित्र ठेवा. मात्र दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी चालू ठेवू नका, नाहीतर कर्कश शिट्टी सुरू होईल.

सगळ्यात आधी काय तपासायचं?

हेडसेटवरचं म्यूट. हे वाचून कुणी नाराज होऊ नये, कारण बऱ्याच हेडसेटवर म्यूट सहज नजरेस पडत नाही. काहींच्या केबलवर छोटी सरकपट्टी असते, काहींत माइकची दांडी वर केली की माइक आपोआप बंद होतो. काही गेमिंग हेडसेटचा माइक काढता-घालता येतो आणि तो अर्धवट बसलेला असला तर जागेवर दिसतो पण जोडलेला नसतो. तो काढून पुन्हा पूर्ण आत दाबा. कीबोर्डवर माइकचं चित्र असलेली कळ आहे का तेही बघा. अनेक लॅपटॉपवर ती असते, तिचा छोटा दिवा लागलेला असेल तर माइक बंद आहे असा अर्थ होतो.

त्यानंतर अदलाबदल करून बघा. तुमचा हेडसेट दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला लावा, रेकॉर्डर उघडा आणि दोन वाक्यं बोलून ऐका. मग दुसरा चालू हेडसेट तुमच्या लॅपटॉपला लावा. या दोन चाचण्यांत बिघाडाची बाजू ठरते. हेडसेट दुसरीकडेही मुका असेल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरण्याची गरजच उरत नाही. दुसरीकडे नीट चालत असेल तर पुढचं वाचा.

फोनवर चाचणी घेताना एक काळजी घ्या. हेडसेटचा माइक सापडला नाही तर फोन गुपचूप स्वतःचा माइक वापरतो आणि रेकॉर्डिंग व्यवस्थित होतं. म्हणून फोन हातभर लांब ठेवा, बोलताना हेडसेटच्या माइकवर नखाने हलकेच टकटक करा. ती टकटक रेकॉर्डिंगमध्ये ठळक ऐकू आली तरच हेडसेटचा माइक शाबूत आहे.

पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजायला सांगतात. त्यांचा काय संबंध?

फार जवळचा. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर ज्या बारीक पट्ट्या दिसतात त्या विद्युतरोधक असतात, पिनेच्या धातूचे वेगवेगळे भाग त्या पट्ट्यांनी तोडलेले असतात. पट्ट्यांचा रंग काळाच असेल असं नाही, पांढऱ्याही असतात. दोन पट्ट्या म्हणजे तीन भाग: डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड. यात माइकला जागाच नाही. तीन पट्ट्या म्हणजे चार भाग, आणि वाढलेला एक भाग माइकचा.

दोन पट्ट्यांची पिन लॅपटॉपला लावून माइक शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही. लॅपटॉपच्या जॅकमध्ये ग्राउंड आणि माइक यांचे संपर्कबिंदू शेजारी शेजारी असतात. दोन पट्ट्यांच्या पिनेचा लांब बुंधा त्या दोघांनाही एकाच वेळी टेकतो, माइकची वाट थेट ग्राउंडला जोडली जाते, आणि त्यावरूनच लॅपटॉप समजतो की हा साधा हेडफोन आहे. म्हणजे त्याने माइक नाकारला, तर ते बरोबरच केलं.

जॅककडेही बघा. त्याच्याजवळ नुसतं हेडफोनचं चित्र असेल तर तो केवळ ऐकण्याचा असू शकतो. हेडफोनला माइकची दांडी जोडलेलं चित्र असेल तर तो एकत्र जॅक आहे, चार भागांची पिन त्यात चालते. हल्लीच्या लॅपटॉपवर बहुधा एकच एकत्र जॅक असतो. जुन्या लॅपटॉपवर आणि डेस्कटॉपवर दोन वेगळे असतात, हिरवा ऐकण्याचा आणि गुलाबी माइकचा.

माझ्या हेडसेटला दोन पिना आहेत आणि लॅपटॉपला एकच जॅक. किंवा उलट.

दोन्हींसाठी स्प्लिटर मिळतो, पण ते दोन वेगळे स्प्लिटर आहेत. पहिल्या प्रकारात दोन खोबणी आणि चार भागांची एक पिन असते, दोन पिनांचा हेडसेट एकत्र जॅकला जोडायला हा लागतो. दुसऱ्यात एक खोबण आणि हिरवी-गुलाबी अशा दोन पिना असतात, एका पिनेचा हेडसेट जुन्या यंत्राला जोडायला तो लागतो.

घोळ होतो तो तिसऱ्याच वस्तूमुळे. दोघांनी एकत्र गाणी ऐकण्यासाठीचा स्प्लिटर दिसायला अगदी पहिल्या प्रकारासारखा असतो, पण त्यात माइकची वाटच नसते. विकत घेताना पिनेवरच्या पट्ट्या मोजा आणि खोबणींपाशी हेडफोन आणि माइक अशी दोन वेगळी चित्रं आहेत का बघा. दोन्हीकडे हेडफोनचंच चित्र असेल तर ती वस्तू तुमच्या कामाची नाही.

पिन बरोबर आहे, जॅक बरोबर आहे, तरी लॅपटॉप त्याला हेडफोनच समजतो. का?

पिन आत गेली की जॅकमधली छोटी कळ दाबली जाते आणि लॅपटॉपची ऑडिओ चिप त्या क्षणी मोजमाप करते. हेडसेटमधला माइक बहुधा इलेक्ट्रेट जातीचा असतो आणि त्याला चालायला साधारण दोन-तीन व्होल्टचा बारीक दाब लागतो. चिप तो दाब माइकच्या वाटेवर देते आणि पलीकडे किती रोध आहे ते बघते. रोध जवळजवळ शून्य निघाला तर हेडफोन, ठरावीक मर्यादेत निघाला तर हेडसेट. हा निकाल पिन घालताच लागतो. पिन तुम्ही हळूहळू, अडखळत आत सरकवली तर चिप अर्ध्या वाटेवरच चुकीचा निकाल देऊ शकते.

म्हणून पिन पूर्ण बाहेर काढा, काही सेकंद थांबा, आणि एका झटक्यात शेवटपर्यंत दाबा. हे इतकं साधं आहे की लोक करतच नाहीत, पण करून बघाच. फोनचं जाड कव्हर चालावं म्हणून काही पिना लांब असतात, तर लॅपटॉपवर लावलेल्या कव्हरमुळे काही पिना पूर्ण आत बसत नाहीत. तेही बघून घ्या.

पिन लावल्यावर पडद्यावर एक छोटी खिडकी येते का? कुठलं उपकरण लावलं, हेडफोन, हेडसेट की माइक, असं ती विचारते. घाईत ती बंद केली किंवा हेडफोन निवडलं की माइक गेला. पिन काढून पुन्हा लावा आणि हेडसेट निवडा. खिडकी येणंच थांबलं असेल तर रिअलटेक या ऑडिओ चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ऑडिओ कन्सोलमध्ये किंवा लॅपटॉप कंपनीच्या ऑडिओ ॲपमध्ये ती पुन्हा सुरू करण्याचा पर्याय शोधा.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. केबलवर गाणं थांबवण्याचं जे बटण असतं, ते दाबल्यावर माइकची तार क्षणभर ग्राउंडला जोडली जाते. त्यावरूनच यंत्राला बटण दाबल्याचं कळतं. ते बटण घामाने किंवा धुळीने आत अडकून राहिलं तर माइक कायमचा ग्राउंडला जोडलेला राहतो आणि हेडसेट साधा हेडफोन बनतो. बटण चार-सहा वेळा दाबून सोडून बघा.

जुना हेडसेट लावला की गाण्यातला गायकच गायब होतो, आणि माइकही चालत नाही. हे काय?

चार भागांच्या पिनेची मांडणी दोन प्रकारची आहे. टोकाकडचे दोन भाग दोन्हींत सारखेच, डावा आणि उजवा कान. उरलेल्या दोनांची मात्र अदलाबदल असते. सीटीआयए मांडणीत तिसरा भाग ग्राउंड आणि शेवटचा माइक, ओएमटीपी मांडणीत तिसरा माइक आणि शेवटचा ग्राउंड. आजचे फोन आणि लॅपटॉप जवळजवळ सगळे सीटीआयए मानतात, ओएमटीपी जुन्या काही फोनच्या हेडसेटमध्ये सापडते.

मांडणी जुळली नाही की ग्राउंड हरवतं. मग दोन्ही कानांतला फरक तेवढा ऐकू येतो आणि मधोमध असलेला गायकाचा आवाज पुसला जातो. केबलवरचं बटण दाबून धरल्यावर गाणं एकदम भरीव वाजायला लागलं तर निदान पक्कं झालं. दोन मांडण्यांची अदलाबदल करणारा छोटा ॲडॉप्टर मिळतो. सेटिंग बदलून मात्र हे सुटत नाही.

लॅपटॉपला गोल जॅकच नाही, टाइप-सी ॲडॉप्टर लावला आहे. माइक येत नाही.

हे ॲडॉप्टर दोन जातींचे असतात. एकाच्या आत स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं, दुसऱ्याच्या आत नुसत्या तारा असतात. तारांवाला ॲडॉप्टर काही फोनवर चालतो, कारण ते फोन टाइप-सी पोर्टमधून थेट ॲनालॉग आवाज सोडतात. बहुतेक लॅपटॉप तसं करत नाहीत. म्हणून फोनवर चालणारा ॲडॉप्टर लॅपटॉपवर मुका राहिला तर त्यात बिघाड आहेच असं नाही. साउंड कार्ड असलेला घ्या आणि त्यावर माइकला आधार असल्याचं लिहिलं आहे का ते वाचा. नुसतं ऐकण्यापुरतेही काही येतात.

विंडोजमध्ये माइक सापडला की नाही हे नेमकं कुठे दिसतं?

सेटिंग्ज उघडा, सिस्टम, मग साउंड. तिथे इनपुट या भागात ओळखलेल्या माइकची यादी असते. हेडसेटचा माइक त्यात असेल तर तो निवडा आणि बोलून बघा, आवाजाची पट्टी हलली पाहिजे. विंडोज ११ मध्ये त्या माइकच्या पानावर चाचणी घेण्याचं बटणही आहे. बोलताना पट्टी हलली तर पहिले तीन टप्पे ठीक आहेत आणि अडचण ॲपमध्ये आहे. ही एक पट्टी पाहिल्याशिवाय ड्रायव्हरला हात लावू नका, असा माझा आग्रह आहे.

यादीत नावच नसेल तर त्याच पानावर खाली मोअर साउंड सेटिंग्ज आहे. विंडोज १० मध्ये ते साउंड कंट्रोल पॅनेल या नावाने असतं. त्यातून जुनी छोटी खिडकी उघडते. रेकॉर्डिंगच्या टॅबवर जा, रिकाम्या जागी राइट क्लिक करा आणि बंद केलेली व न जोडलेली अशी दोन्ही प्रकारची उपकरणं दाखवण्याच्या पर्यायांवर खूण करा. आता दडलेली नावं दिसतील. माइक करडा दिसत असून त्याखाली डिसेबल्ड लिहिलं असेल तर राइट क्लिक करून इनेबल करा. नॉट प्लग्ड इन लिहिलं असेल तर विंडोजला तो जॅक ठाऊक आहे, पण जॅकमध्ये माइक आहे असं चिपने सांगितलेलं नाही. म्हणजे पुन्हा पिनेकडे आणि जॅककडे जा. या दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवला तर तास वाचतात.

माइक दिसतो आहे पण वापरला जात नाही, असं असेल तर त्याच राइट क्लिकमध्ये त्याला डिफॉल्ट डिव्हाइस करा. डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस ही निवड वेगळी आहे आणि कॉलची काही ॲप्स तिच्याकडे बघतात, म्हणून तीही करून टाका.

प्रायव्हसीच्या सेटिंगमुळे माइक बंद राहतो का?

राहतो, आणि बाकी सगळं ठीक दिसत असल्यामुळे हे कारण उशिरा सुचतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन या वाटेने जा. विंडोज १० मध्ये नुसतं प्रायव्हसी असतं. तिथे पूर्ण यंत्रासाठी एक खटका आहे, ॲप्ससाठी दुसरा, आणि खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी तिसरा. ब्राउझर आणि मीटिंगची अनेक ॲप्स या तिसऱ्यात मोडतात. वरचे दोन चालू आणि तिसरा बंद, अशी अवस्था पुष्कळदा आढळते.

ड्रायव्हर कधी बदलायचा?

दुसरा चालू हेडसेटही तुमच्या लॅपटॉपवर सापडत नसेल, आणि वरचं सगळं तपासून झालं असेल, तेव्हा. किंवा काल चालत होतं आणि आज अपडेटनंतर बंद पडलं, तेव्हा.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स या शीर्षकाखाली माइक दिसतात, आणि साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्सखाली ऑडिओ चिपचा ड्रायव्हर. अपडेटनंतर बिघडलं असेल तर ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर हे बटण दाबता येतं का बघा, येत असेल तर तोच जवळचा उपाय. नाहीतर उपकरण अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर आपोआप पुन्हा बसवतं.

नवा ड्रायव्हर हवा असेल तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचाच घ्या. ऑडिओ चिप एकच असली तरी जॅकची जोडणी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते आणि ती माहिती कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असते. विंडोजचा सर्वसाधारण हाय डेफिनिशन ऑडिओ ड्रायव्हर काही वेळा उपयोगी पडतो, तर काही लॅपटॉपवर त्याच्यामुळेच एकत्र जॅकवरचा माइक दिसेनासा होतो. म्हणून त्याला प्रयोग समजा आणि उपयोग झाला नाही तर मागे या. सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र टाळा. त्यांनी चुकीचा ड्रायव्हर बसवला तर एका बिघाडाचे दोन होतात.

यूएसबी हेडसेट आहे. त्यालाही हेच सगळं लागू होतं का?

नाही. यूएसबी हेडसेटमध्ये स्वतःचं साउंड कार्ड असतं, त्यामुळे पट्ट्या, मांडणी, जॅक, रिअलटेक यांचा त्याच्याशी संबंध नाही. बहुतेकांना वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. तो सापडत नसेल तर आधी हब आणि एक्स्टेंशन काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, मग दुसऱ्या पोर्टला. चालता चालता मधेच गायब होत असेल तर वीज वाचवण्यासाठी विंडोज पोर्ट झोपवत असण्याची शक्यता आहे. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा.

यूएसबी हेडसेट लावला की तो यादीत नवा माइक म्हणून येतो, पण जुनी निवड तशीच राहू शकते. नाव शोधून स्वतः निवडा.

ब्लूटूथ हेडसेटवर संगीत सुरेख, पण माइक नाही. किंवा माइक चालू केला की आवाज एकदम खराब होतो.

दोन्ही तक्रारींचं मूळ एक आहे. ब्लूटूथमध्ये संगीतासाठी एटूडीपी नावाची पद्धत वापरली जाते. तिच्यात आवाज एकाच दिशेने, लॅपटॉपकडून कानाकडे जातो. स्टिरिओ असतो, दर्जा चांगला असतो, पण माइकला परतीची वाट नसते. बोलण्यासाठी हँड्सफ्री नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात आवाज दोन्हीकडे जातो, पण मोनो होतो आणि नमुने घेण्याचा वेग खाली येतो, जुन्या प्रकारात सेकंदाला ८,००० आणि सुधारित प्रकारात १६,०००. संगीताच्या सीडीवर हाच आकडा ४४,१०० असतो. म्हणून माइक उघडला की गाणं जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखं लागतं. हेडसेट बिघडलेला नसतो.

विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्सफ्री. कॉलसाठी स्पीकर आणि माइक दोन्हींना हँड्सफ्रीवालं नाव द्या. विंडोज ११ ही अदलाबदल बरीचशी स्वतःच करतं. माइक अजिबातच दिसत नसेल तर हेडसेटची हँड्सफ्री टेलिफोनी ही सेवा कुणीतरी बंद केलेली असू शकते. संगीताचा दर्जा टिकवायला ही सेवा बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तिच्याबरोबर माइकही जातो हे सांगायचं राहून जातं.

हेडसेट त्याच वेळी फोनलाही जोडलेला असेल तर फोनचं ब्लूटूथ थोडा वेळ बंद करा. शेवटचा उपाय म्हणजे लॅपटॉपवरून हेडसेट पूर्ण काढून टाकून पुन्हा पेअर करणं. नवीन लॅपटॉप आणि नवीन हेडसेट दोन्ही ब्लूटूथ एलई ऑडिओ ही आवाजाची नवी पद्धत मानणारे असतील तर दर्जा घसरण्याचा हा प्रश्न बराच हलका होतो. पण आधार दोन्ही बाजूंना लागतो.

माझं मत विचाराल तर रोज तासन्तास बोलायचं काम असणाऱ्याने यूएसबीचा हेडसेट घ्यावा. या प्रश्नोत्तरांतल्या निम्म्या अडचणी त्याच्या वाट्याला येत नाहीत.

रेकॉर्डरमध्ये आवाज येतो, पण मीटिंगच्या ॲपमध्ये येत नाही.

म्हणजे लॅपटॉपने आपलं काम केलं आहे. झूम, टीम्स, मीट, सगळ्यांची माइकची निवड स्वतंत्र असते आणि ते मागच्या वेळचा माइक लक्षात ठेवतात. मागच्या वेळी वेबकॅमचा माइक वापरला असेल तर ॲप आजही त्याच्याकडेच कान लावून बसलेलं असतं. यादीतून हेडसेटचा माइक निवडा.

ब्राउझरमधून बोलत असाल तर परवानगी दोन जागी लागते, ऑपरेटिंग सिस्टमकडून ब्राउझरला आणि ब्राउझरकडून त्या संकेतस्थळाला. पूर्वी कधीतरी ब्लॉक दाबलं गेलं असेल तर ब्राउझर पुन्हा विचारत नाही. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक करा, माइकची परवानगी द्या आणि पान रीलोड करा. आणि हेडसेट लावल्यानंतर ॲप एकदा बंद करून उघडा, काही ॲप्स सुरू होतानाच उपकरणं मोजतात.

माझा आवाज जातो, पण "विहिरीतून बोलल्यासारखा येतो" म्हणतात.

मग बोलणं बहुधा लॅपटॉपच्या माइकमधून जातं आहे, हेडसेटच्या नाही. नखाची टकटक इथेही कामाला येते. आधी हेडसेटच्या माइकवर करा, मग कीबोर्डजवळ. पट्टी ज्या टकटकीला उडी मारते, तो माइक चालू आहे.

मॅकबुकवर काय वेगळं आहे?

सिस्टम सेटिंग्जमध्ये साउंड उघडा आणि इनपुटची यादी बघा. जॅकमधला हेडसेट बरोबर ओळखला गेला की तिथे एक्स्टर्नल मायक्रोफोन अशी वेगळी ओळ येते. ती नसेल तर पिन तपासा. मॅकबुकचा जॅक सीटीआयए मांडणीचा आहे. ओळ असून ॲपमध्ये आवाज नसेल तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या मायक्रोफोनच्या यादीत त्या ॲपपुढचा खटका चालू करा. ही परवानगी २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून लागते. परवानगी दिल्यावर ॲप पूर्ण बंद करून उघडावं लागतं.

मॅकबुकचं झाकण बंद करून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असावी. ॲपल सिलिकॉन (ॲपलची स्वतःची चिप) असलेल्या मॅकबुकमध्ये झाकण मिटताच आतला माइक हार्डवेअरनेच तोडला जातो. तेव्हा हेडसेटचा किंवा दुसरा बाहेरचा माइक हवाच.

लिनक्सवर?

ग्नोम डेस्कटॉपवर पिन लावताच हेडफोन, हेडसेट की माइक असा प्रश्न येऊ शकतो, तिथे हेडसेट निवडा. नंतर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल उघडा. कॉन्फिगरेशनच्या टॅबवर प्रोफाइल ड्युप्लेक्स, म्हणजे इनपुट आणि आउटपुट दोन्हींचं, आहे का बघा, नुसतं आउटपुट असेल तर इनपुट दिसणारच नाही. इनपुटच्या टॅबवर पोर्ट म्हणून हेडसेट मायक्रोफोन निवडा. तरीही नाही, तर अल्सामिक्सरमध्ये कॅप्चरची पातळी शून्यावर किंवा म्यूट आहे का पाहा. काही लॅपटॉपचा जॅक कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आपोआप उमगत नाही, तिथे इंटेल एचडी ऑडिओच्या मॉड्यूलला जॅकचा प्रकार हाताने सांगावा लागतो.

ऑफिसचा लॅपटॉप आहे, खटके करडे दिसतात आणि हलत नाहीत.

ते संस्थेच्या धोरणाने बंद केलेले आहेत. आयटी विभागाला सांगा. ऑफिससाठी बनवलेल्या काही लॅपटॉपमध्ये बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) माइक बंद करता येतो, तसं झालं असेल तर तो विंडोजमध्ये कुठेच दिसत नाही.

रिमोट डेस्कटॉपने दूरच्या कम्प्युटरवर काम करत असाल तर तुमचा माइक तिकडे आपोआप जात नाही. जोडणी करण्याआधी लोकल रिसोर्सेसच्या टॅबवर, रिमोट ऑडिओच्या सेटिंगमध्ये, या कम्प्युटरवरून रेकॉर्ड करण्याचा पर्याय निवडावा लागतो.

माइक सापडला, पण आवाज फार बारीक आहे. किंवा सतत गुणगुण येते.

बारीक असेल तर जुन्या साउंड खिडकीत माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्स बघा. पातळी वाढवा, आणि मायक्रोफोन बूस्ट असेल तर एक पायरी द्या. फार बूस्ट दिला की खरखरही तितकीच वाढते. गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बोला. गुणगुण थांबली तर ती वीजजोडणीतून येते आहे, माइक निर्दोष आहे.

जॅक साफ कसा करायचा?

लॅपटॉप पूर्ण बंद करून. खिशातल्या कपड्याचे तंतू पिनेबरोबर आत जाऊन तळाशी दाबले जातात आणि पिन शेवटपर्यंत बसत नाही. टॉर्चने आत बघा, हवेच्या डब्याने थोडे थोडे फुंकारे मारा. पिनेवर कळकट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. टाचणी, सुई, कागदाची क्लिप आत घालू नका. आतल्या पत्त्या नाजूक असतात, एक वाकली की जॅकच बदलावा लागतो.

सगळं करून पाहिलं. आता दुरुस्तीला देऊ का?

पिन जरा वाकवून धरली की माइक येतो आणि सोडली की जातो, असं असेल तर जॅक सैल झाला आहे किंवा पिनेजवळची तार तुटत आली आहे. दुसऱ्या हेडसेटनेही तेच होत असेल तर जॅक. काही लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो, तिथे काम सोपं असतं. काहींत तो मुख्य बोर्डावर सोल्डर केलेला असतो, तिथे जिकिरीचं. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका.

दुरुस्तीआधी बाहेरून लावायचं छोटं यूएसबी साउंड कार्ड वापरून बघा. ते लॅपटॉपचा जॅक आणि त्यातली ऑडिओ चिप दोन्ही बाजूला ठेवतं, हेडसेट चांगला असेल तर माइक लगेच सापडतो. कित्येकजण मग दुरुस्तीकडे वळतच नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. घेताना त्याच्या खोबणी बघा. एकच खोबण असेल तर ती चार भागांच्या पिनेची असावी. दोन असतील तर एका पिनेच्या हेडसेटसाठी हिरव्या-गुलाबी पिनांचा स्प्लिटरही लागेल.